न मोडायचा रुपया

चांदीचे स्मारक नाणे हे कायद्याने चलन असले, तरी ते मोडण्यासाठी पाडलेले नसते. स्वतंत्र भारतात 1964 सालचे नेहरूंचे स्मारक नाणे निकेलचे होते. चांदी आली ती 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यात. त्याचे वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के. 1972 च्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी नाण्यात चांदी निम्म्यावर आली.

पुढच्या बहुतेक नाण्यांचा मिश्रधातू ठरून गेला: 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबे, निकेल आणि जस्त प्रत्येकी 5 टक्के. हे प्रमाण सौंदर्यदृष्टीतून आलेले नाही. 1940 साली युद्धामुळे चांदी टंचाईत आली, तेव्हा ब्रिटिश सरकारने रुपयातली चांदी घटवून हाच मिश्रधातू वापरला होता. काटकसरीचा धातू आज गौरवाला वापरला जातो, हे गमतीचेच.

दर्शनी किंमतही बोलकी असते. 2015 साली आंबेडकरांच्या जयंतीचे नाणे 125 रुपयांचे, 2023 साली नव्या संसद भवनाचे 75 रुपयांचे, तर 2010 साली तंजावरच्या बृहदीश्वराचे 1000 रुपयांचे. हे आकडे पैशाचे कमी आणि वर्षांचे जास्त.

घडणीत खरी कसोटी उठावाची. मूर्तिकार आधी मोठ्या आकाराचे प्लास्टरचे शिल्प करतो. ते लहान करत पोलादी ठशावर उतरवतात. उठाव थोडा जास्त झाला, तर धातू ठशाच्या खोलगटीत पुरता भरत नाही. म्हणून नाक, गाल, पगडीची घडी मिलिमीटरच्या अंशात बसवावी लागते. नेहमीच्या नाण्यावर ठसा एकदाच आदळतो. संग्राहकांसाठीच्या ‘प्रूफ’ नाण्यावर एकाहून अधिक वेळा दाब देतात. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी, आकृती मात्र दुधाळ. बोट लागले की ठसा उमटतो, त्यामुळे ते डबीत बंद राहते.

मराठी व्यवहारात नाण्याची परीक्षा कानाने होत आली. खणखणीत नाणे हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. लक्ष्मीपूजनाच्या तबकातला राणीछाप रुपया पुजला जातो तो चांदीसाठी. राणी कोण, हे कुणी विचारत नाही. सराफाकडचे लक्ष्मी-गणपतीचे नाणे तर कायद्याच्या भाषेत नाणेच नव्हे, पदक. स्मारक नाण्यात चांदी बहुधा निम्मीच, पण चेहरा मोलाचा. आणि डबीतून काढायचे नसल्यामुळे ते वाजवून कुणी पाहत नाही.