घरच्या घोड्याचा शोक

बुऱ्हाणपुरात ज्या घरी पिढ्यानुपिढ्या टांगा होता, त्या घरी घोडा हा दारचा नव्हे, घरचाच जीव मानला जात असे. स्टेशन लालबागेकडे आणि जुनी वस्ती तटाच्या आत. मधल्या कोसभर वाटेवर कित्येक संसार उभे राहिले. पुढे रिक्षा आल्या, टांगे ओसरले. तरीही कोठे वरातीसाठी, कोठे केवळ वडिलांची हौस म्हणून घोडा पाळणारी घरे आहेत, आणि अशा घरचा घोडा गेला म्हणजे शोक करणारास दोन प्रकारची बोलणी ऐकावी लागतात. व्यवहारी माणूस म्हणतो, "जनावरच ते, दुसरे घे." धार्मिक माणूस म्हणतो, "मोह आवर. हरणापायी भरत राजाची काय गती झाली ते आठव." पहिल्या बोलण्यास उत्तर देण्याचे कारण नाही. दुसरे मात्र आपल्याच पोथीतून येते, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

भागवताच्या पाचव्या स्कंधातील ती कथा वाचकांस ठाऊक आहेच. राज्य सोडून गंडकीतीरी तप करणाऱ्या भरताने प्रवाहात पडलेले अनाथ पाडस उचलले, वाढविले, आणि अंतकाळी त्याचेच चिंतन घडून तो मृगयोनीस गेला. परंतु पाडस वाचविल्याबद्दल तेथे भरतास दोष दिलेला नाही, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. पाडसाच्या नादी लागून त्याचा नित्यनेम एक एक करून सुटत गेला, हा त्याचा दोष. घोडेवाल्याचे नेमके उलट असते. घोडा त्याचा नित्यनेम सोडवीत नाही, उलट लावून देतो. पहाटे उठून चंदी भिजवावयाची, खरारा करावयाचा, खुरांत खडा रुतला आहे काय ते पाहावयाचे, मग स्वतःचा चहा. घोडा गेल्यानंतर आठ-पंधरा दिवस हात आपोआप तोबऱ्याकडे जातो आणि मागे येतो. हा मोह म्हणावा, तर कर्तव्याची सवय हाच मोह ठरेल.

भारतातील द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथास मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि घोडे बाणांनी जर्जर व तहानेने व्याकूळ झालेले. अशा क्षणी भर रणात रथ थांबतो. अर्जुन बाणांनी भूमीतून पाणी काढतो, आणि श्रीकृष्ण घोडे सोडून त्यांच्या अंगांतील शल्ये आपल्या हातांनी काढतो, त्यांस चोळतो, पाणी पाजतो. आत्म्यास शस्त्रे छेदीत नाहीत असे ज्याने नुकतेच सांगितले, त्यानेच घोड्याची जखम क्षुल्लक मानली नाही.

घोड्याच्या शोकात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, तिचा उच्चार करण्यास माणूस लाजतो. ती म्हणजे पोट. मराठ्यांच्या फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. शिलेदाराचा घोडा पडला म्हणजे सोबती गेला, भांडवल गेले आणि पतही गेली. टांगेवाल्याचेही तसेच. लोक म्हणतात, हा घोड्यासाठी रडतो की कमाईसाठी? मला हा प्रश्न खोटा वाटतो. कर्ता भाऊ गेला तर घर दोन्हींसाठी रडते, आणि तेथे कोणी अशी चिरफाड करीत नाही. शिवाय घोड्याच्या बाबतीत ऋण एकीकडचेच आहे. त्याने आपणांस ओढले. आपण त्यास विचारून जुंपले नव्हते.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र मरणाच्या अलीकडचा. घोड्यास वांती होत नाही, त्यामुळे त्याचा पोटशूळ पाहता पाहता जीवघेणा होतो. पाय मोडला तर सारा भार उरलेल्या पायांवर येऊन त्यांचे खूर आतून सुजतात, आणि फार काळ आडवे पडून राहणे त्यास सोसत नाही. डॉक्टर म्हणतात, आता सुई देऊन मोकळे करावे. घरातील वडीलधारे म्हणतात, आपल्या हातून हत्या नको. १९२८ साली साबरमती आश्रमात गांधीजींपुढे हाच प्रश्न एका असाध्य दुखण्याच्या वासरामुळे आला. आश्रमातही एकमत नव्हते. अखेर त्यांनी डॉक्टरांकडून त्यास मरण देवविले, आणि त्यावर केवढे वादळ उठले! १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातही अशा यातनांतून जनावरास सोडविण्याची तरतूद आहे. पण कायद्याने मनाची टोचणी जात नाही. माझ्या मते त्या वेळी एकच विचारावे, वेदना कोणाची संपवावयाची आहे, त्याची की पाहणाऱ्या आपली? उपाय खुंटले असे जाणत्या डॉक्टरने सांगितले असेल आणि पहिले उत्तर खरे असेल, तर पुढे वर्षानुवर्षे स्वतःस घातकी म्हणवून घेण्याचे कारण नाही. उपचाराचा खर्च टाळण्यासाठी सुई मागणे ही निराळी गोष्ट झाली.

मुलांस "घोडा गावाला गेला" असे सांगू नये. ती दाराकडे डोळे लावून बसतात. पुरताना त्यांस जवळ उभे राहू द्यावे, हवी तर मूठभर माती टाकू द्यावी.

आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व चालतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तीवर माउली आरूढ आहेत अशी श्रद्धा. रिंगणात तो दौडत गेला की टापांखालची धूळ लोक कपाळी लावतात. वर्षे लोटतात, अश्व थकतो, दुसरा येतो, तरी तो माउलींचाच अश्व राहतो. घरी असे होत नाही. नव्या जनावरास जुन्याचे नाव ठेवले म्हणजे ते बिचारे जुन्याच्या लकबी न जाणल्याबद्दल उगाच चाबूक खाते. त्यास त्याचे नाव द्यावे. खोगीर आणि तोबरा जुना चालेल. केव्हा आणावे, ह्यास शास्त्र नाही. ज्याचे पोट चाकावर नाही, त्याने दत्तजयंतीला सारंगखेड्यास भरणाऱ्या घोड्यांच्या यात्रेपर्यंत खुशाल थांबावे. आपल्याच तापीच्या काठी, खाली ते गाव आहे. ज्याचे आहे, तो तेराव्या दिवशी दावे घेऊन बाजारास निघाला तरी त्यास कोणी नावे ठेवू नयेत.