‘घरीच असते’ म्हणणाऱ्यांविषयी

कन्नड

चि. मनू,

चंद्रपूरचं ऊन फार कडक. पाण्याची बाटली जवळ ठेवत जा नि रिकाम्या पोटी गावं फिरू नकोस. इकडे अद्रक काढणी चाललीय.

श्रमबल सर्वेक्षणात घरं उरकायची घाई असते, असं तू फोनवर म्हणालीस, ते मनातून जात नाही बघ. परवा काकू वावरातून आली. नखांत माती, बोटं अद्रकानं झोंबत होती. दारात कुणी विचारलं, काय करता? म्हणाली, “काही नाही, घरीच असते.” हेच तू लिहिलंस तर ती तुमच्या संकेतांक ९२ मध्ये पडते, नुसतं घरकाम. ती तर २१ ची आहे गं, घरच्या शेतीत बिनमजुरीनं राबणारी.

१९७२ च्या दुष्काळात तुझी आजी खडी फोडायला जायची. तिथं निदान हजेरीपट होता. पुढं मीही रोजगार हमीवर हजेरी मांडली, पण सांजेला परत आलेल्या बाया घरच्या रानात राबायच्या, ते कुठल्याच पटावर आलं नाही. बेकारीचे अंदाज तपासणाऱ्या दांतवाला समितीनं १९७० सालीच सांगितलं होतं, की आपल्याकडचे कामकरी नि बेकार एका आकड्यात बसत नाहीत. म्हणून तर तुमच्या पाहणीत वर्षाचा हिशेब वेगळा नि आठवड्याचा वेगळा. आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरतात. मग पूर्णवेळ राबणारा नि घटकाभर जाणारा, दोघांत फरक कशानं कळणार? तासांनीच ना! तेवढा रकाना अंदाजानं भरू नकोस, बाळा. वर्षात तीस दिवस काम भरलं तरी ते दुय्यम काम म्हणून येतं, तेही विसरू नकोस.

“काम करता का?” असं विचारूच नकोस. काल सकाळी कुठं होता, बाजाराच्या दिवशी काय केलं, असं एकेक दिवस मागं जा. सासू नाहीतर नवरा मध्ये बोलला तर ऐकून घे, पण त्या बाईकडं बघूनच पुन्हा विचार. एक घर कमी झालं तरी चालेल.

काल मी काकूला तसंच विचारलं. चुलीपाशी बसून ती बोटांवर मोजत गेली, स्वयंपाकपाणी सोडून. आठवड्याभरात वावरातलेच एक्केचाळीस तास निघाले. जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मनूला विचारा, वेळेवर जेवते का.”

तुझा,
काका