पाणमोट किती वाजता फुटली?

आधी तो मोबाइल खिशात घाल. पेढ्यांचा पुडाही बाजूला ठेव, मी पेढा खायला आलेलो नाही.

काल मी तुला एकच प्रश्न चारदा विचारला आणि चारही वेळा तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. पाणमोट किती वाजता फुटली? गोठ्यात अकरा माणसं होती, मी मोजली. अकरा माणसं, अकरा मोबाइल, आणि एकाला सांगता येईना. ‘झाला असेल की सर, दीडेक तास.’ शेवटी तुझ्या भाचीनं काढलेला व्हिडिओ मीच उघडून बघितला. नऊ वाजून बारा मिनिटं. मला फोन आला बारा चाळीसला. साडेतीन तास होतात ते. तुझा दीडेक कुठल्या शाळेतला?

या एका वेतासाठी घरादारानं डोळ्यांत तेल घालून वाट बघितली, हे मला ठाऊक आहे. तीनदा भरवली, तीनदा उलटली. चौथ्यांदा गाभ राहिला तेव्हा भोपाळात शाहपुऱ्याच्या तळ्यापासून मनीषा मार्केटपर्यंत एक ओळखीचा माणूस तू तोंड गोड केल्याशिवाय सोडला नाहीस. सातव्या महिन्यात आईनं तिची ओटी भरली, शिंगांना हिरवा खण बांधला. सगळं साजरं झालं. आणि चौथ्यांदा भरवल्याची तारीख? ‘पावसाळ्यात केव्हातरी.’ अरे, गाय साधारण २८० दिवसांनी विते, पाच-दहा दिवस इकडेतिकडे. तारीख भिंतीवर खरडली असतीस तरी कोणत्या आठवड्यात गोठा सोडायचा नाही हे कळलं असतं. परवाच तिच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते, कास ताठली होती. तुला ती ‘जरा थकलेली’ वाटली!

बरं, वीर्य कुठल्या वळूचं? तेही माहीत नाही. टोचणाऱ्यानं ‘होल्स्टीन आहे, दूध भरपूर’ म्हटलं आणि तू मान डोलावलीस. एवढ्याशा चणीची पहिलारू गाय, तिच्या पोटात थोराड वासरू, आणि बाहेर यायची वाट मात्र तिच्याच मापाची. भदभद्याला सरकारचं वीर्य केंद्र आहे, इथून स्कूटरनं जाऊन विचारून आला असतास. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता कालची सकाळ. पाणमोट फुटल्यावर पहिलारूला तास-दोन तास द्यायचे असतात, मात्र दर थोड्या वेळानं काहीतरी पुढं सरकलं पाहिजे. अर्धा-पाऊण तास तसूभर काही सरकलं नाही, तर स्वच्छ हात आत घालून बघायचं, किंवा ज्याला बघता येतं त्याला बोलवायचं. तू आठव्या मिनिटाला दोर आणलास. नायलॉनचा, विहिरीच्या बादलीचा. एक खूर दिसत होता आणि त्यावर नाकाचा शेंडा. दुसरा पाय कुठं गेला, हा प्रश्न बालवाडीतल्या पोराला पडेल. पाच बाप्यांपैकी एकालाही पडला नाही. त्या एका पायाला गाठ मारून ‘जोर लगा के’ सुरू. व्हिडिओत आवाज आहे सगळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं तर गुडघाच अडला होता! उजवा पाय गुडघ्यात दुमडून कमरेच्या हाडाच्या काठाला टेकलेला. तुम्ही ओढाल तेवढा तो जास्त रुतणार.

आणि हात भरून आले तेव्हा तुम्हाला एकाएकी श्रद्धा सुचली. ‘होईल आपोआप.’ जिथं थांबायचं तिथं घाई, आणि जिथं जीव तोडून धावायचं तिथं चहा. मधल्या वेळात गल्लीतल्या कुणा अनुभवी गृहस्थानं इंजेक्शन टोचलं. नाव मला नको, तू आडवा का आला नाहीस एवढं सांग. ऑक्सिटोसिननं पिशवी आवळते. तोंड उघडलेलं असेल, वासरू सरळ असेल, तर गोष्ट वेगळी. वासरू अडलेलं असताना ते टोचणं म्हणजे बाहेरून कुलूप लावून आतल्या माणसाला ‘नीघ, नीघ’ म्हणून धक्के मारणं. पिशवी फाटते त्यानं. तुझ्या गाईची फाटली नाही, यात तुझं कर्तृत्व शून्य.

गोठ्याच्या दारावर खडूनं १९६२ कुणी लिहिलंय? तूच. २०२३ पासून फिरता पशुदवाखाना राज्यभर फिरतोय, त्याचाच तो नंबर. जहांगीराबादला सरकारी पशुरुग्णालय आहे. तू फोन कुणाला केलास? नागपूरच्या मामांना. व्हिडिओ कॉल!

मी काय केलं ते तू बघितलं नाहीस, देवघरात होतास. ऐक. कोमट पाणी, साबण, खांद्यापर्यंत दोनदा हात धुतले, अंगठी काढली, तेल चोपडलं. कळ ओसरेपर्यंत थांबलो आणि मग वासराला मागं ढकललं. हो, मागं. दुमडलेला पाय सरळ करायला जागा लागते, आणि ती जागा आतच असते. खूर तळहाताच्या वाटीत झाकून वळवला, नाहीतर त्याच खुरानं पिशवी चिरली असती. मग दोन्ही पायांना खुराच्या वरच्या सांध्यापलीकडे फास, त्याखाली आणखी एक अर्धा वेढा, म्हणजे ताण एकाच जागी येत नाही. ओढायला दोनच माणसं. तिची कळ आली की ओढायचं, ती थांबली की थांबायचं. एकदा हा पाय, एकदा तो, आणि डोकं बाहेर आलं की खाली, तिच्या मागच्या खुरांच्या दिशेनं. पाच बाप्ये लागत नाहीत. मी सत्तरीचा आहे.

हे मी महूच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकलो. आमचे मास्तर गोणपाटात मेलेलं वासरू घालायचे आणि आम्हाला डोळे मिटून आत हात घालायला लावायचे. काय लागलं, बोल. खुराच्या वरचा सांधा आणि त्याच्याही वरचा सांधा एकाच बाजूला दुमडले तर पुढचा पाय, उलटसुलट दुमडले तर मागचा. चुकलं की छडी नाही, पुन्हा हात आत. तो वास चार दिवस जायचा नाही. मेसमध्ये आमचं टेबल वेगळं असायचं. तू एकदा खुराचा तळवा वर आहे की खाली एवढं जरी बघितलं असतंस!

पाडी जगली. जीभ सुजून जांभळी पडली होती, नाकात गवताची काडी घातली तेव्हा कुठं शिंकली. आणि मी हात धुऊन येतो तो काय, पहिला चीक पातेल्यात काढून खरवसाला ठेवलेला! ‘वार पडल्याशिवाय वासराला पाजायचा नाही, आजी म्हणते.’ आजींचा मी मान राखतो, त्यांच्या हातचा खरवस तीस वर्षं खातोय. पण वासरू जन्मतं ते रोगाशी लढायची शिदोरी न घेता. ती शिदोरी चिकात असते, आणि ती आतड्यातून रक्तात जायचं दार तासातासाला मिटत जातं. दिवसभरात बंद होतं. तीस किलोच्या पाडीला तीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या तास-दोन तासांत. जीभ सुजल्यामुळं तिला ओढता येत नव्हतं, म्हणून काल बाटलीनं पाजायला लावलं, आणि तुझी आत्या माझ्याकडे अशी बघत होती जणू मी पातेलंच पळवलं.

गाईनं मात्र काल एकही चूक केली नाही.

वार रात्री पडली म्हणतोस. किती वाजता? पाडी एक दहाला बाहेर आली. बारा तासांच्या आत पडली तर ठीक, दिवस उलटला असता तर आज माझं बोलणं वेगळं असतं. पुन्हा बघतोयस माझ्या तोंडाकडे.

वही आण. लिही माझ्यासमोर: ‘९.१२, पाणमोट.’ खाली लिही: ‘१.१०, पाडी.’ वारेची जागा मोकळी सोड, आजींना विचारून भर. त्या जाग्या होत्या, त्यांना आठवत असेल. आता दहा दिवस सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजायचा. एवढे हात आत-बाहेर झालेत, त्यातले निम्मे न धुतलेले. १०३ च्या वर गेला, किंवा घाण वासाचा स्राव दिसला, तर नागपूरला नाही, मला फोन करायचा.

थर्मामीटर कुठंय? नाही? मग उभा काय राहिलास, मनीषा मार्केटातून घेऊन ये. आणि निघालास किती वाजता तेही लिही. घड्याळ भिंतीवर आहे, माझ्या कपाळावर नाही.