कचऱ्याची वीज आणि आपला हिशेब

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने मला विचारले, "मौलाना, आता कचऱ्यापासून वीज तयार होणार म्हणतात. मग वलिम्यात उरलेले अन्न फेकले तर बिघडले कुठे? त्याने कुणाच्या तरी घरात दिवाच लागेल ना?" प्रश्न चेष्टेचा नव्हता, म्हणून त्याचे उत्तर विचारपूर्वक द्यावयास हवे.

तो मुंबईच्या देवनार प्रकल्पाविषयी बोलत होता. तेथील कचराभूमीवर १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला आहे. तेथेच दररोज ६०० टन कचरा जाळून वीज निर्माण करण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला. बंदिस्त भट्टीत कचरा जळतो, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर जनित्र फिरते. उघड्यावर धुमसणाऱ्या डोंगरापेक्षा हे निश्चितच बरे. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर गोवंडी-शिवाजीनगरच्या आयाबहिणींनी आणि लेकरांनी सोसला आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे यालाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानची शाखा म्हटले आहे. मग वस्तीच्या उशाशी असलेला असा डोंगर हटवणे हे पुण्यकर्मच होय.

तरीही त्या तरुणाचा निष्कर्ष मला मान्य नाही. मदरशात आम्ही 'इस्तिहाला'चा नियम शिकतो. हनफी फिकहमध्ये शेण जळून राख झाले की ती राख नापाक मानली जात नाही, कारण वस्तूचे मूळ स्वरूपच पालटलेले असते. तरुणाच्या मनात नकळत हाच तर्क होता: अन्नाची वीज झाली, म्हणजे उधळपट्टीही धुऊन निघाली. परंतु पालटते ती वस्तू. केलेले कर्म पालटत नाही. चोरलेले लाकूड जळून राख झाले म्हणून चोरी त्या राखेत मिसळून जात नाही. सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच अल्लाहने अतिरेकाची मनाई केली आहे, आणि सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्यांचे नाते थेट सैतानाशी जोडले आहे. फेकलेल्या अन्नाचे पुढे काय झाले, यावर ही मनाई अवलंबून नाही.

शिवाय व्यवहारातही हा तर्क टिकत नाही. शिळा भात आणि रस्सा हे भट्टीचे इंधनच नव्हे; त्यांतील पाणी आटवण्यातच उष्णता खर्ची पडते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ऊर्जेसाठी वापरावयाचा कचरा म्हणजे पुनर्वापर होऊ न शकणारा आणि किलोमागे किमान १५०० किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा असे ठरवले होते. ओल्या कचऱ्याची वाट खताकडे किंवा बायोगॅसकडे जाते. त्यातही मुंबईचा रोजचा कचरा ६००० टनांहून अधिक आहे. ६०० टनांची भट्टी त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पेलणार. उरलेला भार कमी करण्याचा मार्ग आपल्या स्वयंपाकघरातून आणि दस्तरखानावरून जातो.

आणखी एक नियम येथे आठवतो: 'अल्-गुर्मु बिल्-गुन्म', म्हणजे लाभ ज्याचा, भारही त्याचाच. वीज तारांतून शहरभर जाईल. राख आणि धुराडे मात्र शेजारच्या वस्तीजवळ राहतील. भट्टीची उष्णता कमी पडली किंवा धूर नीट गाळला गेला नाही, तर डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानविषयी प्रेषितांनी (स.) किती कठोर इशारा दिला आहे, हे आपण जाणतो. म्हणून धुराची मोजमापे रहिवाशांसमोर मांडली जावीत आणि कागद-प्लास्टिक वेचून पोट भरणाऱ्यांची रोजी हिरावली जाऊ नये, ही मागणी केवळ त्या वस्तीने नव्हे, तर कचरा करणाऱ्या प्रत्येकाने केली पाहिजे.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले: "बेटा, प्रकल्प होऊ दे, चांगला होऊ दे. पण वलिम्यात ताटात तेवढेच घे जेवढे संपेल. उरलेले अन्न गरम असतानाच भुकेल्यापर्यंत पोहोचव. आणि घरी ओला-सुका कचरा वेगळा ठेव. जे भट्टीत गेले त्याची राख होईल, पण ते आपल्या हातून का वाया गेले, हा प्रश्न हिशेबाच्या दिवशी आपल्यालाच विचारला जाईल."

अल्लाह आम्हा सर्वांना त्याच्या देणग्यांची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.