ऑन डेक

हरायला फार वेळ लागतो. लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये हे डोळ्यांदेखत दिसतं. समोरचे तीन जण आउट केल्याशिवाय आपली बॅटिंग येत नाही, आणि कच्च्या संघाला ते तीन आउट काही केल्या मिळत नाहीत. पिचर दहा वर्षांचा. त्याचे बॉल कधी डोक्यावरून जातात, कधी मातीत आपटतात. चार बॉल बाहेर गेले की बॅटर बॅट ठेवतो आणि चालत पहिल्या बेसवर जातो. मग त्याच्या मागचा जातो. मग त्याच्याही मागचा. लांब आउटफील्डमध्ये माझा मुलगा बुटाच्या टोकाने गवत उकरत उभा असतो. मध्येच दचकल्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो, कारण कोचनी तसं उभं राहायला सांगितलेलं असतं.

न्यू जर्सीत वसंत आला की शनिवार या खेळाचे होतात. क्रिकेटवर वाढलेले आम्ही आईबाप कुंपणाबाहेर घडीच्या खुर्च्या मांडतो आणि मुलांकडूनच हळूहळू स्ट्राइक आणि बॉलचा हिशेब शिकतो. यंदा आमचा संघ हरतो आहे. थोडक्यात नाही, चांगला सपाटून.

१९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये लिटल लीग सुरू झाली, तेव्हा मोठ्यांचा खेळ मुलांच्या अंगाला बेतून घेतला गेला. बेसमधलं अंतर कमी केलं. सामना नऊऐवजी सहा डावांचा झाला. हरणाऱ्यांचाही विचार नियमांत आहे. चार डाव झाल्यावर दहा धावांचा फरक असेल, तर सामना तिथेच थांबतो. सगळे त्याला मर्सी रूल म्हणतात.

मागे एका शनिवारी तो लागू झाला. कुंपणाबाहेर कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांचे खांदे सैल झाले. खुर्च्या भराभर मिटल्या. मुलं रांगेने समोरच्यांच्या हातावर हात मारत ‘गुड गेम, गुड गेम’ म्हणत पुढे सरकली. माझा मुलगा बाहेर आला तेव्हा हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

“आई, मी ऑन डेक होतो.”

ऑन डेक म्हणजे पुढचा नंबर. इतक्या लहान मुलांना आपली पाळी येण्याआधी बॅट हातात घेऊ देत नाहीत, कुणाला लागू नये म्हणून. नुसतं हेल्मेट घालून डगआउटच्या दाराशी थांबायचं. तसा तो थांबला होता, आणि सामना संपला.

त्या वाक्यापाशी मी बरेच दिवस घुटमळते आहे. आम्हाला हरणं संपायला हवं होतं. त्याला खेळ संपायला नको होता. एकाच मैदानाकडे आम्ही दोघं पाहत होतो, आणि मला फळ्यावरचा आकडा दिसत होता, त्याला पुढचा बॉल. मुलांचं दुःख हलकं करायला आपण किती धडपडतो. त्यातलं किती त्यांचं आणि किती आपलं, हे वेगळं काढणं सोपं नाही. त्याला वाईट वाटत नाही असं नाही. सुटलेला कॅच त्याला रात्री जेवतानाही आठवतो. पण ते वाईट वाटणं पुढच्या नंबराच्या आड येत नाही.

मोठ्यांच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दया दाखवून सामना थांबवायची सोय नाही. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ सामने हरले. आधुनिक काळात एका मोसमात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. तो नकोसा विक्रम डेट्रॉइटमध्ये त्यांच्या नावावर लागला, तेव्हा अजून दोन सामने उरले होते. त्यांनी ते दोन्ही जिंकले. तक्त्यात त्याने काहीच बदलणार नव्हतं. तरीही सकाळी कुणीतरी बूट बांधले असतील, पहिल्या बॅटरने हेल्मेट घातलं असेल. मला त्या दोन दिवसांबद्दल फार आदर वाटतो.

आमचा सामना थांबला त्या शनिवारी रात्री पुण्याला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ होती, आबांचा चहा चालला होता.

“काय रे, कितीने हरलात?”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. आकडा त्याच्या लक्षात नव्हता, तो मी सांगितला. मग फोन हातात घेऊन तो खोलीभर फिरत आबांना समोरच्यांचा पिचर कसा होता ते सांगत बसला. डावखुरा आहे, आबा. बॉल आधी बाहेर वाटतो आणि मग आत येतो. सगळे घाई करत होते. मी थांबून मारणार होतो.