टाके काढल्यानंतर

२०१७ साली वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ परीक्षेची सक्ती आली तेव्हा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी एकच भरली. चर्चचं शिफारसपत्र आणि मुलाखत पाहून आमचे विद्यार्थी आम्हीच निवडू, हा त्यांचा आग्रह. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नीट’ अल्पसंख्याक संस्थांनाही लागू असल्याचा निकाल दिला. माझ्या विवेकवादी मित्रांना हा निकाल म्हणजे डॉक्टरला श्रद्धा लागते का, या जुन्या वादाचा शेवट वाटतो. सर्जनला कसब लागतं, धर्म लागत नाही, असं ते म्हणतात. कसबाबद्दल दुमत नाही. पण कसब कुणासाठी आणि कुठवर वापरायचं, हे कसब सांगत नाही. माझं भांडण तिथे आहे, आणि त्यासाठी पॉल ब्रँड यांच्याकडे जावं लागतं.

तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ साली जन्मलेले ब्रँड लंडनमध्ये आधी बांधकाम आणि सुतारकाम शिकले, मग डॉक्टर झाले. १९४६ मध्ये ते वेल्लोरला आले. कुष्ठरोग्याला तेव्हा साधी इस्पितळं दारात उभं करत नव्हती. त्याचं मांसच सडतं, त्यावर टाके भरून येणार नाहीत, असा समज होता. ब्रँड यांनी ते आकसलेले पंजे तपासले. हाताच्या काही नसा निकामी झाल्याने बोटं आत वळत होती, पण कोपराखालचे कित्येक स्नायू शाबूत होते. अशा शाबूत स्नायूची कंडरा त्यांनी बोटांकडे वळवून जोडली. बोटं उघडली. ती झडतात कशाने, हेही त्यांनी शोधलं. वेदनाच कळत नसल्याने चटका बसतो, जखम चिघळते, रात्री झोपेत उंदीर कुरतडतो, आणि रोग्याला पत्ता नसतो. तेव्हा रोग्यांना मांजरं देण्यात आली.

इथवर कसब पुरतं. पण बरे झालेले रोगी गाऱ्हाणं घेऊन परत आले. सरळ हाताला भीक मिळेना आणि महारोगी म्हणून काम कुणी देईना. ऑपरेशन यशस्वी, माणूस उपाशी. टाके काढले की सर्जनची जबाबदारी संपते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकाला मान्य झालं असतं. ब्रँड यांनी आवारात झोपड्या उभारून ‘नवजीवन केंद्र’ काढलं आणि त्या हातांना सुतारकाम शिकवलं. त्यांच्या लेखी हे ख्रिस्ताचंच काम होतं. ती श्रद्धा वजा करून या माणसाची सर्जरी मला समजावून सांगता येत नाही.

मित्र लगेच बाबा आमट्यांचं नाव घेतील. घ्यावंच. कुष्ठरोग्यांसाठीच्या त्यांच्या आनंदवनाला कुठल्या चर्चची गरज पडली नाही. म्हणून करुणेचा मक्ता ख्रिश्चनांकडे आहे असं मी म्हणत नाही.

आणि इथे मला वेल्लोरचीही बाजू पूर्ण घेता येत नाही. अठरा वर्षांच्या मुलाची श्रद्धा मुलाखतीत कशी मोजणार? चर्चचं शिफारसपत्र मिळतं ते पाळकाशी ओळख असलेल्याला. उपचाराच्या आडून धर्मप्रचार, हा मिशनच्या इतिहासावरचा दुसरा आक्षेपही खरा आहे. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडणारे विल्यम वानलेस सर्जन होते तसे धर्मप्रचारकही होते. भुलीच्या इंजेक्शनआधी स्ट्रेचरवरच्या बाईला सर्जनने विचारलं, ‘प्रार्थना करू?’ तर ती नाही म्हणेल कशी? असं विचारायचंच असेल तर आदल्या दिवशी विचारावं, आणि ज्याच्या हातात सुरी नाही त्याने विचारावं.

श्रद्धेची जागा प्रवेशपरीक्षेत नाही, प्रशिक्षणात आहे. वेल्लोरमध्ये शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले आणि त्यांनी गावच्या अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. ते कुठल्या मुलाखतीत आधी दिसलं असतं? आजच्या सर्जरीच्या रेसिडेंटला आपण किती ऑपरेशनं केली हे लॉगबुकात लिहावं लागतं. सहा महिन्यांनी तो रोगी कामावर गेला का, घरी त्याला कोण जेवू घालतं, यासाठी त्यात रकाना हवा, आणि तो भरायला रेसिडेंटला रोग्याच्या गावी पाठवायला हवं. वेल्लोरने न्यायालयाकडे स्वतःपुरती सूट मागितली. त्याऐवजी या रकान्याची आणि गावभेटीची सक्ती देशातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला लावा, अशी मागणी त्यांनी करावी. त्या मागणीवर विवेकवाद्यांच्या रांगेत उभं राहून मी सही करीन.