धूर कुणाच्या नावावर?

आमच्याकडे कॅम्पर आहे. परदेशातला माणूस हे ऐकून विचारेल, आत झोपायची सोय किती जणांची? आपल्याकडे मात्र कॅम्पर म्हणजे बोलेरोची डबल केबिन पिकअप. पुढे माणसं, मागे हौदा. बाबांनी ती २०१२ साली घेतली. ते बांधकामाची छोटी कामं घ्यायचे. कामोठ्यापासून उलव्यापर्यंत सिमेंटच्या गोण्या, सेंट्रिंगच्या फळ्या, कामगार, सगळं तिनेच वाहिलं. आता बाबा घरी असतात आणि गाडी सानपाड्यात सोसायटीच्या गेटबाहेर उभी असते. सुट्टी मिळाली की मी हौद्यात गादी टाकतो, वर ताडपत्री बांधतो आणि माळशेज नाहीतर भंडारदऱ्याला जातो.

गेल्या पावसाळ्यात ताडपत्री गळली, गादी भिजली आणि रात्र पुढच्या सीटवर बसून काढावी लागली. तेव्हापासून डोक्यात एकच विषय. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर पलंग, शेगडी, नळ असलेली अख्खी खोली बसवतात. तशी हवी. पण ती हलकी म्हटली तरी काहीशे किलोंची. मग घाट चढायला दमदार इंजिन हवं. म्हणजे नवी डिझेल पिकअप: १.९ लिटरची व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये भारतात आलेली २.८ लिटरची हायलक्स. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, म्हणजे आरटीओच्या फेऱ्याही आल्या. गरज एका नव्या ताडपत्रीची होती. यादी तीस लाखांच्या पुढे गेली.

या यादीला मी एक नैतिक कारणही जोडलं: नवी गाडी स्वच्छ असते. हे खोटं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडायची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. आणि डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं ते २०१२ मध्येच, म्हणजे आमची कॅम्पर घरी आली त्याच वर्षी. तेव्हा जुनी काढून नवी घेणं हे जवळजवळ पुण्यच!

पुण्याला गिऱ्हाईकही मिळालं. जुन्नरकडचे एक शेतकरी. आठवड्यातून तीनदा कोथिंबीर-मेथी घेऊन वाशीच्या एपीएमसीत येतात. पट्टीतले बरेच पैसे टेम्पोच्या भाड्यात जातात, म्हणून स्वतःची गाडी हवी. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, मला रेस द्यायला सांगितली. मागून काळा लोट निघाला. मला लाज वाटली. ते म्हणाले, "चालतंय की दादा. आमच्याकडं कोण बघतंय?"

त्या वाक्याने माझं पुण्य उतरवलं. धूर संपणार नव्हताच. तो फक्त माझ्या नावावरून त्यांच्या नावावर होणार होता. पाम बीच रोडवर निघायचा, तो आता एखाद्या गावातल्या शाळेपुढे निघेल.

हे मी एकटा करत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायला सांगितलं. तिथल्या जुन्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये हिशेब मांडला: २०१५ ते २०१८ या काळात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या जगभर निर्यात झाल्या, त्यातल्या सुमारे ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. एकाची हवा सुधारते, ती अशी.

मग भंगारात द्यावी? २०२१ च्या स्क्रॅप धोरणानुसार जुनी गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सवलतही. म्हणजे चालती गाडी मोडायची, सवलत मी घ्यायची, आणि ते शेतकरी पुन्हा भाड्याच्या टेम्पोत. तो टेम्पो आमच्या कॅम्परपेक्षाही जुना असू शकतो. माझे हात स्वच्छ राहतील. पण न्याय झाला असं म्हणता येईल का?

इथे मला १९९१ ची एक पुस्तिका आठवते. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 'ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड'मध्ये विचारलं होतं, की श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर आणि बंगालमधल्या गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातून निघणारा वायू एकाच तराजूत कसे तोलता? एक चैनीसाठी, दुसरा जगण्यासाठी. आपण भारतीय हा मुद्दा जगाला अजून ऐकवतो, आणि तो रास्तच आहे. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आमच्या सोसायटीच्या गेटवर या तराजूतला अमेरिकन मी आहे.

शिवाय माझी 'स्वच्छ' गाडी काजळीपुरतीच स्वच्छ. इंजिन कितीही नवं असो, एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच. कायदा गाडीचं वय विचारतो, नळीतून काय निघतं ते मोजतो. ती कशासाठी चालली आहे, हे तो विचारत नाही. विचारूही नये, प्रत्येकाच्या सहलीचा हिशेब सरकारने मागावा, असं मला वाटत नाही. म्हणूनच तो प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. पैसे माझे, कर मी भरणार, हे उत्तर कायद्याला पुरतं. मला पुरेना.

मग मी मोजलं. मागच्या वर्षी गाडीत किती रात्री झोपलो? नऊ.

कॅम्पर त्यांनाच दिली. देण्याआधी तुर्भ्याच्या मेस्त्रींकडे नेऊन इंजेक्टर आणि पंपाचं काम माझ्या पैशाने करून घेतलं. धूर कमी झाला, गेला नाही. किंमत ठरवताना त्यांनी घासाघीस केली, मीही केली. मी काही संत झालो नाही. बाबा गाडी वळणापर्यंत जाताना बघत राहिले आणि म्हणाले, "कामाला लागली परत."

यंदा काजवे बघायला भंडारदऱ्याला एसटीने गेलो, पाठीवर तंबू घेऊन. पाठ दुखली. नवी पिकअप कधीच घेणार नाही, असं मी म्हणत नाही. रात्री झोपण्यापूर्वी तिचे व्हिडिओ अजून बघतो. पण कधी घेतलीच, तर पर्यावरणासाठी घेतली असं सांगणार नाही. हौस होती, असंच सांगेन.